सुट्या कागदांवरची ॲन

एम.ए.च्या वर्गाला ‘आत्मपर लेखन’ ही अभ्यासपत्रिका मी सोळा वर्षं शिकवली. ॲन फ्रँकच्या डायरीपाशी आलं की पहिल्याच तासाला मी एक प्रश्न विचारत असे : ॲनची आई कशी होती? उत्तरं पटापट यायची. तुसडी. टोमणे मारणारी. मोठ्या मुलीची बाजू घेणारी. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, माझ्या आईसारखी,” आणि सगळा वर्ग हसला. मग मी दुसरा प्रश्न विचारायचे : हे तुम्हांला कुणी सांगितलं? इथे वर्ग गोंधळायचा. सांगितलं अर्थात ॲननंच. पण कुठल्या ॲननं? तेरा वर्षांच्या, की जवळजवळ पंधरा वर्षांच्या? आणि तिचं सांगणं आपल्यापर्यंत पोचलं ते कुणाच्या हातून?

घरातल्या नात्यांनी आणि पहिल्या प्रेमानं किशोरवयीन मुलीचा ‘स्व’ कसा घडतो, याचा दाखला म्हणून ही डायरी हमखास पुढे केली जाते. गोष्ट साधारण अशी सांगतात : आईशी पटलं नाही, वडिलांवर जीव टाकला, माळ्यावरच्या मुलाच्या प्रेमात पडली, मोठी झाली. मीही पहिली काही वर्षं हेच शिकवलं. गोष्ट खोटी नाही, पण फार सरळ आहे. डायरीच्या वेगवेगळ्या संहिता शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले तेव्हा या सरळपणाचा मला संशय येऊ लागला. या लेखात मी मांडणार आहे तो त्या संशयाचा प्रवास.

आधी संहितांचा हिशेब करू. त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

१२ जून १९४२ला, तेराव्या वाढदिवशी, ॲनला लाल-पांढऱ्या चौकड्यांची वही मिळाली. ६ जुलैला फ्रँक कुटुंब ॲमस्टरडॅममधल्या प्रिन्सेनग्राख्ट २६३ या इमारतीच्या मागच्या भागात लपलं. वही भरली, तशा पुढच्या वह्या आल्या. या मूळ लेखनाला अभ्यासक ‘अ’ संहिता म्हणतात. २८ मार्च १९४४ला लंडनहून होणाऱ्या डच प्रक्षेपणात निर्वासित सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी सांगितलं की युद्ध संपल्यावर सामान्य माणसांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील. ॲननं ते ऐकलं, आणि २० मे १९४४पासून ती स्वतःची डायरी सुट्या कागदांवर नव्यानं लिहू लागली. काही गाळत, काही जोडत, काहींचा क्रम बदलत. पुस्तकाचं नावही तिनं ठरवलं होतं : ‘हेट अख्टरहाउस’, म्हणजे मागचं घर. ही ‘ब’ संहिता. दहा-अकरा आठवड्यांत तिनं दोनशेहून जास्त कागद लिहिले आणि २९ मार्च १९४४च्या नोंदीपर्यंत पोचली. ४ ऑगस्टला पोलीस आले. जमिनीवर विखुरलेले कागद मीप आणि बेप या मदतनीस बायकांनी गोळा केले. आठ जणांपैकी एकटे ओटो फ्रँक परत आले. मुली गेल्याचं कळल्यावर मीपनं ते सगळं त्यांच्या हाती ठेवलं, आणि ओटोंनी ‘अ’ व ‘ब’ यांची सांगड घालून तिसरी संहिता केली. १९४७च्या जूनमध्ये छापली गेली ती ही तिसरी. तिन्ही संहिता एकाखाली एक छापलेली चिकित्सक आवृत्ती नेदरलँड्सच्या युद्धदस्तऐवज संस्थेनं १९८६ साली काढली, आणि त्याआधी हस्ताक्षर, कागद, शाई यांची न्यायवैद्यक तपासणीही केली, कारण डायरी बनावट असल्याचा प्रचार करणारे लोक होते.

एक तपशील सहज नजरेतून सुटतो. ‘अ’ संहितेची पहिली वही डिसेंबर १९४२च्या सुरुवातीला संपते, आणि उपलब्ध असलेली त्यापुढची वही सुरू होते २२ डिसेंबर १९४३ला. मधल्या वर्षाची वही किंवा वह्या गहाळ आहेत. म्हणजे १९४३ या सबंध वर्षाबद्दल आपण जे वाचतो, ते सगळं १९४४च्या उन्हाळ्यात नव्यानं लिहिलेलं आहे.

आता आईकडे येऊ.

२ एप्रिल १९४३च्या तारखेखाली एक प्रसंग आहे. रात्री ॲन अंथरुणात वडिलांची वाट पाहते आहे. प्रार्थना त्यांच्याबरोबर म्हणायची रीत आहे. त्याऐवजी आई येते आणि हळुवारपणे विचारते की आज मी म्हणू का तुझ्याबरोबर? ॲन नाही म्हणते. आई पलंगाशी क्षणभर थांबते, दाराकडे वळते, आणि परत फिरून म्हणते की प्रेम जबरदस्तीनं मिळत नसतं. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. ॲन पडून राहते. आपण वाईट वागलो हे तिला कळतं, पण दुसरं काही उत्तर तिच्यापाशी नाही. वडील रागावलेले असतात, त्यांच्या नजरेत तिला ते दिसतं.

माझ्या वर्गातल्या मुलामुलींना हा प्रसंग आईच्या विरुद्धचा पुरावा वाटे. मला तो कधीच तसा वाटला नाही. इथे निवेदिकेनं आईला उंबरठ्यावर उभं करून तिचा चेहरा आपल्याला दाखवला आहे. स्वतःची माफी मागितलेली नाही, आणि आईचं दुःखही झाकलेलं नाही. एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीनं रागाच्या भरात, त्याच रात्री, हे असं लिहिलं असेल असं समजून आपण थक्क होतो. पण हे लेखन आपल्यासमोर आहे ते पुनर्लेखनातलं. जी मुलगी आईला ‘नाही’ म्हणाली ती एक, आणि त्या ‘नाही’ला उंबरठा, पलंग, आईचा चेहरा देणारी दुसरी. दोघींच्या मध्ये साधारण चौदा महिने आहेत, आणि त्या वयात चौदा महिने म्हणजे एक जन्म.

स्वतःच्या जुन्या पानांचा न्याय करण्याची सवय तिला त्याआधीच लागली होती. २ जानेवारी १९४४ला ती लिहिते की जुनी वही चाळताना आईबद्दलची आपली भाषा वाचून तिला लाज वाटली. त्याच महिन्यात, २२ जानेवारीला, तिनं १९४२च्या नोंदींखाली शेरे लिहिले आहेत. आपण इतके अजाण होतो यावर तिचा विश्वास बसत नाही. चौदा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलीच्या वहीवर शेरा मारते, हे वाचताना मला नेहमी आमच्या शाळेतल्या निबंधाच्या वह्या आणि त्यांवरची लाल शाई आठवते. फरक इतकाच की इथे बाई आणि विद्यार्थिनी एकच.

पण लाज वाटली म्हणून राग गेला, असं झालं नाही. त्याच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं एक जुनी जखम लिहून ठेवली आहे. दातांच्या डॉक्टरांकडे आई आणि मार्गोबरोबर ती सायकल घेऊन गेली होती. काम झाल्यावर त्या दोघी बाजारात निघाल्या. हिला म्हणाल्या, तुझ्याकडे सायकल आहे, तू घरी जा. हिला रडू आलं आणि त्या दोघी हसल्या. भररस्त्यात हिनं त्यांना जीभ काढून दाखवली, आणि घरी जाऊन रडत बसली. बाहेर युद्ध चालू आहे, लोक गाड्यांत भरून नेले जात आहेत हे तिला ठाऊक आहे, आणि तरीही आई माझ्याकडे बघून हसली ही गोष्ट लिहून ठेवण्याइतकी मोठी आहे. मला हे फार खरं वाटतं. मुलीच्या मनात आईचं चित्र अशा फुटकळ क्षणांनीच तयार होतं.

इथे ‘आई वाईट’ किंवा ‘मुलगी हट्टी’ असा निकाल देण्यात अर्थ नाही. मला दिसतं ते असं : ॲनला आई कशी असते यापेक्षा आपण कोण होणार नाही आहोत, याचं नाव हवं होतं. ५ एप्रिल १९४४ला ती स्पष्टच लिहिते की आई, सोबत राहणाऱ्या फान पेल्सबाई आणि त्यांच्यासारख्या बायका घरकाम करतात आणि विसरल्या जातात, तसं आपल्याला जगायचं नाही. नवरा-मुलांखेरीज आणखी काही हवं आहे आणि ते लेखन आहे. आईविषयीच्या भांडणातून निघालेला हा ठराव आहे. त्यात आईवर अन्याय आहे, हे उघड आहे. एडिथ फ्रँक काही ॲन म्हणते तितकी सपाट बाई नव्हती. पण आपली वाट आखताना मुलीनं आईला थोडं सपाट करून घेतलं.

आपल्याकडच्या आत्मचरित्रांत हे वय असं दिसत नाही, याची इथे आठवण होते. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक यांची लग्नं अकराव्या वर्षाच्या आसपास झाली. त्यांच्या पुस्तकांत तेरा-चौदा वर्षांची मुलगी भेटते ती सून म्हणून, आणि तिच्याबद्दल सांगणारी बाई तोवर प्रौढ झालेली असते. आईशी भांडत मोठं होण्याचं वय सासरी गेलं. त्यामुळे मराठी वाचकाला ॲन वाचताना एकाच वेळी ओळखीचं आणि परकं वाटतं, निदान मला तरी.

वडिलांचं प्रकरण आईपेक्षा गुंतागुंतीचं आहे, आणि समीक्षकांनी ते फारच सोपं करून टाकलं आहे. ‘पिम’ म्हणजे ओटो हे तिचे आदर्श, इतकं म्हणून लोक पुढे जातात. पण १९९८ साली पाच पानं उजेडात आली, जी ओटोंनी आवृत्तीपासून दूर ठेवून एका विश्वासू सहकाऱ्याकडे दिली होती. त्यांतली तीन पानं ८ फेब्रुवारी १९४४च्या नोंदीची आहेत. विषय आहे आईवडिलांचं लग्न. वडिलांचं आईवर प्रेमिकाचं प्रेम नाही, त्यांचं आधी कुणावर तरी मन होतं आणि ते सफल झालं नाही, आईला हे कळतं आणि तरी ती त्यांच्यावर जीव लावून आहे, अशा अर्थाचं चौदा वर्षांच्या मुलीनं केलेलं ते निदान आहे. त्या प्रेमाला उत्तर न मिळाल्यानं आई कठोर झाली असेल, हेही तिला दिसतं. दिसतं, पण तिचा हात आईकडे जात नाही.

ही पानं २००१पासून आवृत्त्यांत समाविष्ट झाली. ती ‘ब’ संहितेतली आहेत, हे इथे महत्त्वाचं. म्हणजे छापायच्या पुस्तकात आईवडिलांच्या लग्नाची ही चिरफाड जावी, असं तिला पुनर्लेखन करताना वाटत होतं. ओटोंना तसं वाटलं नाही. बायको आऊशवित्झमध्ये गेलेली, मुली बेर्गन-बेल्झनमध्ये गेलेल्या, आणि समोर मुलीच्या अक्षरात आपल्या संसाराचा पंचनामा. त्या माणसानं ती पानं बाजूला ठेवली म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नाही.

या पानांशेजारी आणखी एक नोंद ठेवावी लागते. ११ मे १९४४ला ॲन आपल्या मनातल्या कादंबरीचा उरलेला भाग थोडक्यात सांगते. नाव ‘कॅडीचं आयुष्य’. कॅडीचं हान्सवर प्रेम असतं, ते तुटतं, ती दुसऱ्या सुस्थित माणसाशी लग्न करते, संसार नीट होतो, पण मनात हान्स उरतोच. आणि मग ॲन बजावते की हा भावुक पोरखेळ नव्हे, यात बाबांच्या आयुष्याची गोष्ट गुंफली आहे. कितीतरी वेळा वाचूनही ही ओळ माझ्या नजरेतून निसटली होती. प्रेमाची गोष्ट लिहायला बसलेली ही मुलगी स्वतःचं प्रेम लिहीत नाही, वडिलांचं लिहिते, आणि त्याला मुलीचं नाव देते. प्रेम म्हणजे काय हे तिनं माळ्यावर शिकण्याआधी आईवडिलांच्या खोलीत वाचलं होतं. घरातली नाती एका बाजूला आणि प्रेमसंबंध दुसऱ्या बाजूला, अशी जी विभागणी आपण करतो, ती या एका ओळीपुढे टिकत नाही.

आता पीटर.

माळ्यावरच्या पीटर फान पेल्सच्या आधी एक पीटर होता : पीटर शिफ, शाळेच्या दिवसांतला. ६ जानेवारी १९४४ला ॲनला त्याचं स्वप्न पडलं. दोघं शेजारी बसून चित्रांचं पुस्तक बघत आहेत, त्याचा गाल तिच्या गालाला लागतो. त्यानंतरच तिला दुसऱ्या पीटरकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटू लागलं. फेब्रुवारीअखेर ती लिहिते की दोन्ही पीटर एकच झाले आहेत. ७ मार्चला तिनं स्वतःच्या वाढीचा आलेख मांडला आहे : लपण्याआधीची लाडावलेली मुलगी, पहिल्या वर्षातली उर्मट आणि एकटी मुलगी, आणि नव्या वर्षानंतर जागी झालेली ओढ, मैत्रिणीसाठी नव्हे, मुलासाठी. इतक्या शांतपणे स्वतःचा इतिहास लिहिणारी मुलगी प्रेमात वाहून गेली असं म्हणवत नाही. तिला प्रेम हवं होतं आणि ते हवं असल्याचं तिला माहीत होतं. घरात त्या वयाचा मुलगा एकच होता.

मार्गोलाही तो आवडत असावा अशी शंका ॲनला आली, आणि मार्चमध्ये दोघी बहिणींनी त्याबद्दल एकमेकींना चिठ्ठ्या लिहिल्या. शेजारच्या खोलीत राहून चिठ्ठ्या! मार्गोचं उत्तर मोठ्या मनाचं आहे. मला ज्याच्यापाशी मन मोकळं करायचं तो माझ्यापेक्षा बुद्धीनं वरचा असावा लागेल, अशा आशयाचं ती लिहिते. वाचताना वाटतं, ही मुलगीही लिहिणारी होती.

१५ एप्रिलला पहिलं चुंबन. मेच्या सुरुवातीला ॲननं वडिलांना विश्वासात घेतलं. ते म्हणाले, माळ्यावर इतकं जाऊ नकोस. ती जात राहिली. ५ मेला तिनं त्यांना पत्र लिहिलं आणि त्यांच्या खिशात सरकवलं. मी आता स्वतंत्र आहे, मला कुणालाही जबाब द्यायचा नाही, मी एकटी लढत होते तेव्हा तुम्ही कुणी मदत केली नाहीत, असा त्याचा सूर. ओटो फार दुखावले. ७ मेच्या नोंदीत ती पश्चात्तापानं होरपळलेली दिसते.

आणि मग दोन लागोपाठच्या तारखा येतात. माझ्या मते सगळ्या डायरीचा सांधा इथे आहे. १९ मेला ती पीटरबद्दल लिहिते की इतक्या कष्टानं त्याला जिंकल्यावर आपण थोडं दूर जाऊन बघतो आहोत. प्रेम आटलेलं नाही, पण मनाचा आतला दरवाजा आपण त्याला बंद केला आहे. २० मेला ती लिहिते की खूप विचार करून अखेर ‘मागचं घर’ लिहायला घेतलं. एका दिवसाचं अंतर. पीटरला बंद झालेल्या दारातून ती कागदाकडे गेली, असं म्हणण्याचा मोह होतो. मोह म्हणते, कारण लेखनाचा ठराव तर ५ एप्रिललाच, पहिल्या चुंबनाच्या दहा दिवस आधी झालेला होता. पण दोन गोष्टी एकमेकींची जागा मागत होत्या हे नक्की. पीटरकडून तिला हवं होतं ते संभाषण मिळालं नाही. त्याला जवळीक हवी होती, तिला समजून घेणारा माणूस हवा होता. १५ जुलैच्या नोंदीत ती बिनदिक्कत सांगते की जिंकलं मी त्याला, त्यानं मला नाही, आणि त्याची प्रतिमा मीच मनात रचली होती. त्याच नोंदीत वडिलांचाही हिशेब आहे : ते प्रेमळ होते, पण या वयातल्या मुली अशाच असतात असं ते मला सांगत राहिले, आणि मला मात्र स्वतःच्या गुणावगुणांवर उभी असलेली ॲन म्हणून वागवलं जायला हवं होतं. किशोरवयीन मुलींबद्दल सरसकट बोलणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे वाक्य अडचणीचंच आहे.

सुट्या कागदांवर तिनं पीटरचं काय केलं? फेब्रुवारी-मार्च १९४४च्या मूळ वह्यांत तो पानोपानी आहे. पुनर्लेखनात तिनं त्यातलं बरंचसं काढून टाकलं. चुंबन ‘ब’ संहितेत नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण एप्रिलपर्यंत पोचायला तिला वेळच मिळाला नाही. मात्र ज्या महिन्यांपर्यंत ती पोचली, त्यांतली प्रेमकथा तिनं स्वतःच्या हातानं बारीक केली, हे चिकित्सक आवृत्तीत उघड दिसतं. आपली ओळख ‘प्रेमात पडलेली मुलगी’ म्हणून व्हावी, असं त्या लेखिकेला वाटत नव्हतं. ओटोंनी मूळ वह्यांमधून पीटर परत आणला. पुढे १९५५च्या ब्रॉडवेवरील नाटकानं आणि १९५९च्या चित्रपटानं माळ्यावरचं प्रेम इतकं उजळवलं की आज जगाला माहीत असलेली ॲन बऱ्याच अंशी ती आहे, जी ॲननं खोडली होती.

मग ओटोंनी विश्वासघात केला का? तरुण सहकाऱ्यांशी माझे यावर वाद झाले आहेत. त्यांचं म्हणणं असं की वडिलांनी मुलीची संहिता मोडली, आईवरचा राग बोथट केला, शरीराबद्दलचं गाळलं. यातलं पुष्कळ खरं आहे. आईबद्दलची काही तिखट वाक्यं त्यांनी वगळली. २४ मार्च १९४४ला ॲननं स्त्रीशरीराचं केलेलं नेमकं, जवळजवळ शास्त्रीय वर्णन वाचकांपर्यंत फार उशिरा पोचलं. पण खिशात सरकवलेलं ते ५ मेचं पत्र आठवा. ‘ब’ संहितेत ते नव्हतंच. ओटोंना ते वगळायला काही कारणही द्यावं लागलं नसतं. स्वतःला सगळ्यांत जास्त लागलेले ते शब्द त्यांनी मूळ वहीतून उतरवून घेतले आणि छापले. स्वतःविरुद्धचं ठेवलं आणि बायकोविरुद्धचं कमी केलं, असा हा संपादक आहे. मुलीच्या हक्काच्या दृष्टीनं हे चूक असेल. नवरा म्हणून, बाप म्हणून मला ते समजतं.

हे मी जरा ठामपणे म्हणते, त्याला कारण आहे. सोळाव्या वर्षी मीही वही लिहीत होते. तिच्यात आईबद्दल बरंच होतं. ती मैत्रिणीकडे राहायला पाठवत नाही इथपासून ते तिच्यासारखं आयुष्य आलं तर मी जीव देईन इथपर्यंत. माझ्या मुलीला वाचता यायला लागलं तेव्हा एका दुपारी मी त्या वहीतली अकरा पानं फाडली. आई तेव्हा हयात होती, तिला डोळ्यांनी नीट दिसतही नव्हतं. मी कुणाला वाचवत होते, आईला की त्या मुलीला, ते मला आजही सांगता येणार नाही. आता त्या वहीत मी फार समंजस मुलगी दिसते. फाडताना जे हात होते ते ओटोंचेही होते आणि ॲनचेही, एवढं मात्र तिन्ही संहिता वाचल्यावर कळलं. २०१८ साली संशोधकांनी ॲनच्या पहिल्या वहीतली दोन पानं वाचली, जी तिनंच तपकिरी कागद चिकटवून झाकली होती. खाली सप्टेंबर १९४२ची काही चावट विनोदांची आणि स्त्रीपुरुषसंबंधांबद्दलची पोरवयातली माहिती निघाली. तिनं झाकलेलं उघडावं की नाही यावर तेव्हा थोडी चर्चा झाली. मी ती पानं वाचली, आणि वाचल्यावर मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

या सगळ्यात एडिथची बाजू कुठे? ती तिच्या शब्दांत आपल्यापाशी जवळजवळ नाही. छावणीतून वाचलेल्या बायकांनी सांगितलं की आऊशवित्झमध्ये आई आणि दोन्ही मुली एकमेकींना सोडत नव्हत्या. १९४४च्या ऑक्टोबरअखेर मुलींना बेर्गन-बेल्झनला नेलं, आई मागे राहिली आणि ६ जानेवारी १९४५ला गेली. डायरी १ ऑगस्टला संपते, त्यामुळे या आईला डायरीत जागा मिळाली नाही. जी ॲन हे लिहू शकली असती, ती पुनर्लेखनाची तिसरी फेरी करणारी, सोळा-सतरा वर्षांची ॲन असती.

तरी एक जागा आहे. सुटे कागद लिहायला घेतल्याचं जिथे नोंदलं आहे, त्याच २० मेच्या नोंदीत आदल्या रात्रीची हकिकत आहे. ॲन माळ्यावरून खाली आली तर फुलदाणी कलंडलेली, कार्नेशनची फुलं जमिनीवर, सगळीकडे पाणी, आणि तिच्या टेबलावरचे कागद भिजलेले. तिला जवळजवळ रडूच आलं. आई गुडघे टेकून, हातापायांवर रांगत पाणी पुसत होती, आणि मार्गो एकेक कागद उचलत होती.

मार्गोही डायरी लिहीत असे. १९४२च्या ऑक्टोबरात एका रात्री दोघी बहिणी एका अंथरुणात पडल्या होत्या, तेव्हा त्यांनी एकमेकींना वही वाचू देण्याबद्दल विचारल्याची नोंद ॲननं केली आहे. ॲन म्हणाली, काही भाग वाच. मार्गोनंही तिची वही वाचायला हरकत घेतली नाही. ती वही सापडलेली नाही.